दवण्याचं भावंड आणि संगणकातलं एन्झाइम

चैत्रात जोतिबाला वाहायचा दवणा बोटांत चुरडला की वास बराच वेळ हाताला राहतो. आर्टेमिसिया या प्रजातीतली ही वनस्पती. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन ज्या झाडातून मिळतं, ते आर्टेमिसिया ॲनुआ तिचं भावंडच. एवढ्या नात्यावरून ‘दवण्याचा काढा घ्या, मलेरिया उतरेल’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. कृपा करून ऐकू नका. आर्टेमिसिनिनसाठी ओळखलं जातं ते ॲनुआच, आणि ॲनुआच्या काढ्यावरही विसंबता येत नाही. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळतं, झाडागणिक त्याचं प्रमाण बदलतं आणि मात्रा अपुरी पडली की परजीवी रक्तात उरतात. असा काढा किंवा चहा उपचार म्हणून वापरू नये, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताप आला की रक्त तपासायचं आणि डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा.

उकळण्याने काय बिघडतं, हे चिनी संशोधक यूयू तू यांच्या कामातून दिसलं. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात हे झुडूप पाण्यात भिजवून रस पिळायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. त्यावरून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी साधारण 35 अंशांनाच उकळणारं इथर वापरलं आणि अर्क कामाला आला. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दुसरा समज बातम्यांतून पसरतो: झाडातलं एक एन्झाइम औषध तयार करतं. ज्याचा संगणकावर इतका अभ्यास होतो, ते ॲमॉर्फाडाइन सिंथेज हे एन्झाइम 546 अमिनो आम्लांची साखळी आहे. पंधरा कार्बनांचा लांबलचक रेणू घेऊन त्याची दोन कडी वळवणं, एवढंच त्याचं काम. तयार होणाऱ्या ॲमॉर्फाडाइनमध्ये ऑक्सिजनचा एक अणूही नसतो. परजीवीला मारणारा ऑक्सिजनचा पूल कितीतरी पुढे, दुसरी एन्झाइमं काम करून गेल्यावर येतो. शेवटची पायरी तर पानावरच्या बारीक ग्रंथींमध्ये प्रकाश आणि ऑक्सिजनच्या जोरावर, एन्झाइमविनाच होते असं मानतात.

तिसरा समज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो शिकलेल्या माणसांत आहे. संगणकाच्या पडद्यावर रेणू खाचेत नीट बसलेला दिसला की सिद्ध झालं, असं त्यांना वाटतं. डॉकिंग म्हणजे एन्झाइमच्या खाचेत रेणू निरनिराळ्या तऱ्हांनी बसवून पाहणं. शेवटी रेणू किती घट्ट बसला याचा अंदाज म्हणून प्रोग्रॅम उणे सात, उणे आठ असा आकडा देतो. तो आकडा कुठल्याही रेणूला मिळतो, अगदी त्या एन्झाइमशी काडीचा संबंध नसलेल्यालाही. त्यात ॲमॉर्फाडाइन सिंथेजची खाच अवघड. रेणूचं फॉस्फेटचं टोक मॅग्नेशियमचे तीन आयन धरून ठेवतात. फाइलमध्ये ते घालायचे राहिले, तर चित्र देखणं येतं आणि रेणू भलत्याच बाजूला तोंड करून बसतो. शिवाय डॉकिंगमध्ये बंध तुटत नाहीत, जुळत नाहीत. खरी क्रिया मात्र तिथेच आहे. ती पाहायला पुंजयामिकीची गणितं लागतात आणि ती फार वेळ खातात.

‘मॉडेल अचूक असलं की एन्झाइम काय बनवेल ते कळतं,’ हेही ऐकू येतं. याला उत्तर त्याच झाडात आहे. ॲनुआमध्ये बिसाबोलोल तयार करणारं दुसरं एन्झाइम आहे. त्याची स्फटिक-रचना 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांची अमिनो आम्लं सुमारे 82 टक्के सारखी, त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा साचा उतरवणं सोपं. दोघं एकाच रेणूपासून सुरुवात करतात, पहिलं कडंही सारखंच वळवतात. मग एक जण पाण्याचा रेणू जोडून थांबतो आणि दुसरा आणखी एक कडं बंद करतो. हा फरक खाचेतल्या मोजक्या जागांवर ठरतो. घडण हुबेहूब मिळाली तरी कृती हाती लागत नाही, ती अशी.

म्हणून संगणकाचं काम वाया गेलं का? मुळीच नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲमॉर्फाडाइन सिंथेजच्या मॉडेलवरून खाचेतल्या जागा निवडल्या, तिथली अमिनो आम्लं बदलत गेले, प्रत्येक बदललेलं एन्झाइम जिवाणूंकडून तयार करून घेतलं आणि काम मोजलं. 2018 मध्ये ते छापून आलं. पुष्कळ बदलांनी एन्झाइम लंगडं झालं, काहींनी मात्र त्याचा वेग वाढला. मॉडेल नसतं, तर 546 जागांवर चाचपडत बसावं लागलं असतं.

राहिला झाडाऐवजी यीस्टकडून हे औषध बनवून घेण्याचा प्रश्न. याच एन्झाइमचं जनुक यीस्टमध्ये घालून 2013 मध्ये लिटरला 25 ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळवल्याचं प्रसिद्ध झालं. तेव्हा ‘आता शेती संपली’ असं बोललं गेलं. पण यीस्ट आम्लापर्यंतच पोचतं, पुढचा ऑक्सिजनचा पूल रसायनशाळेत जोडावा लागतो आणि भावात शेतातल्या पानांशी टक्कर घ्यावी लागते. जगातलं बहुतेक आर्टेमिसिनिन अजून शेतातूनच येतं.