झाड कुंपणात, निर्णय कुणाचा?

नेरूळ-वाशीच्या रो-हाउसमध्ये हा वाद नवा नाही: एकाला आंब्याची सावली हवी, शेजाऱ्याला गटारात तुंबणारा पाचोळा नको. ‘झाड माझ्या कुंपणात, मग विचारायचे कुणाला?’ ही समजूत स्वाभाविक, पण अपुरी आहे. 1975च्या राज्य कायद्यानुसार शहरात खासगी जागेतले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या (झाडांबाबत निर्णय घेणारी महापालिकेची समिती) मंजुरीशिवाय तोडता येत नाही. फ्लॅट आपला असला तरी त्यातला खांब आपण परस्पर फोडत नाही, तसेच हे. सोसायटीचा ठराव किंवा शेजाऱ्याचा होकार म्हणजे मंजुरी नव्हे. शिवाय कायद्याच्या लेखी ‘तोडणे’ म्हणजे केवळ करवत नाही. जाळणे, इजा करणेही त्यात येते. बुंध्यात गुपचूप ॲसिड ओतणाऱ्यांना हे ठाऊक नसावे! अर्ज झाल्यावर झाडावर नोटीस लागते. हरकत असलेल्या शेजाऱ्याने तेव्हाच लेखी कळवावे.