पुठ्ठ्याचं स्टेशन

गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलेलं नाही. आम्ही चौघं खाली पाट मांडून बसतो आणि टेबलावर एक रेल्वे स्टेशन उभं आहे. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "सूनबाईंनी स्टेशन घेतलंय हो, गाडी अजून यायचीय." ह्यांनी सुरुवातीला थोडी कुरकुर केली, पण मग तेच सिग्नलच्या खांबासाठी सायकलच्या चाकाची तार शोधून घेऊन आले.

झालं असं, मैत्रिणींनो, की मी ज्या शाळेत अर्धवेळ इतिहास-भूगोल शिकवते तिथं जानेवारीत प्रदर्शन असतं. दरवर्षी मुलं ज्वालामुखी करतात, नाहीतर रायगड. तुमच्याही घरी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर संपला की समजायचं, ज्वालामुखी! यंदा मी वर्गात म्हटलं, "आपल्या भागातलं काहीतरी करू या, जे आता बघायला मिळत नाही." पोरांनी विचारलं, "म्हणजे काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बार्शी लाइट रेल्वेचं स्टेशन." निघून गेलं असं म्हणते खरं, पण ते बरीच वर्षं आत बसलेलं असणार. माझे वडील त्या गाडीवर पॉइंट्समन होते, आणि माझं सगळं लहानपण कुर्डुवाडी-लातूर मार्गावरच्या एका इवल्याशा स्टेशनाजवळ गेलं. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे घरातली गोष्ट येणार आहे.

तुमच्यापैकी सोलापूर, लातूर, पंढरपूर, मिरजेकडच्या बायकांना ती छोटी गाडी आठवत असेल. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती आखली. १८९७ साली कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, ते बार्शी अशी एकवीस मैलांची लाइन सुरू झाली. त्याची युक्ती साधी होती. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग हलके रूळ पुरतात आणि खर्च आटोक्यात राहतो. आपण पातळ बुडाच्या पातेल्यात एकदम सगळा स्वयंपाक न टाकता दोन वेळा करतो, तसंच की हे! १९०६ साली गाडी पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. त्याच १९२७ मध्ये कॅल्थ्रॉप वारला. गंमत म्हणजे त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, तोच मोटारवाला, १९१० साली विमान कोसळून गेला, तेव्हा ह्या रेल्वेवाल्यानं विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवण्याचा ध्यास घेतला. आगगाडीचा माणूस आणि छत्री! वर्गातल्या मुलांना हे एवढंच पक्कं लक्षात राहिलं. १९५४ मध्ये सरकारनं ही रेल्वे विकत घेतली, आणि २००८ पर्यंत लातूरपर्यंत मोठे रूळ पडले. नवी लाइन पूर्वी रेल्वे नसलेल्या धाराशिव शहरातून वळवली, आणि आमचं स्टेशन बाजूला पडलं. तेव्हा मी कॉलेजात होते. सुटीत गेले तर रूळ उचललेले, आणि त्या पट्ट्यावर शेळ्या चरत होत्या.

आता कामाकडे वळू. प्रतिकृती करायची तर आधी प्रमाण ठरवा, पुठ्ठा नंतर कापा. आम्ही पन्नासास एक धरलं, म्हणजे खरा एक मीटर तो आपला दोन सेंटिमीटर. हिशोब मुलांनाही तोंडी जमतो. अडीच फुटांचे रूळ दीड सेंटिमीटरवर आले. आजचे मोठे रूळ असते तर सव्वातीनच्या वर गेले असते. फळ्यावर दोन्ही काढून दाखवले तेव्हा मुलं म्हणाली, "बाई, एवढ्याशा गाडीत माणसं बसायची?" बसायची तर काय, आषाढीला टपावरसुद्धा बसायची, आई सांगते.

हौशी मंडळींची नेहमीची चूक म्हणजे दारं मोठी होतात. पहिल्या दिवशी आमचंही तिकीटघर कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसत होतं. म्हणून आधी सव्वातीन सेंटिमीटरचा एक कागदी माणूस कापा आणि प्रत्येक दारात उभा करून बघा. त्याला आत जाता आलं पाहिजे, पण दोघं एकमेकांच्या खांद्यावर बसून जाता कामा नयेत.

छपरासाठी पन्हळी पत्रा हवा. दूरदर्शन संचाच्या खोक्याची पन्हळ फार जाड, ती डोळ्याला खुपते. बल्बच्या खोक्याचा बारीक पन्हळीचा पुठ्ठा घ्या, वरचा कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोला, खाली उत्तम पत्रा निघतो. त्यावर पातळ गेरू फिरवा, मधूनमधून जरा काळा, म्हणजे गंज. रुळांना मोडक्या छत्रीच्या काड्या (कॅल्थ्रॉपला आवडलं असतं), स्लीपरना तीन सेंटिमीटरवर कापलेल्या आगकाड्या. गूळ मात्र आधी तोडून टाका. भिंतींना फेव्हिकॉल लावून वरून चाळलेली बारीक वाळू भुरभुरवली की दगडी बांधकाम दिसतं. कागद चिकटवायला मैद्याची खळ स्वस्त पडते. ती टिकावी म्हणून जुन्या बायका त्यात मोरचूद घालत, पण ते विष आहे, मुलं हाताळणार असतील तर घालू नका; रोज ताजी खळ शिजवा.

आणि खडीसाठी रवा वापरू नका! मी शहाणीनं जाड रवा काळ्या रंगात परतून रुळांमध्ये पसरला. काय सुरेख दिसला म्हणून सांगू. सकाळी उठून बघते तर मुंग्यांची रांग एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत, आणि सासूबाई चहाचा कप घेऊन उभ्या: "आली बघ तुझी गाडी." सगळा रवा चमच्यानं खरवडून काढला. खरी वाळूच बरी. मातीला मात्र चहाचा चोथा छान, फक्त दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, नाहीतर बुरशी येते.

एवढं सगळं झालं आणि अडलं ते स्टेशनाच्या रूपाशीच. तिकिटाची खिडकी दाराच्या उजवीकडे की डावीकडे? कडुलिंब फलाटाच्या ह्या टोकाला की त्या? जे आपण रोज पाहिलं ते आठवत नाही बघा. आईला फोन केला. ती लातूरला दादाकडे असते. ती म्हणाली, "मला काय विचारतीस? बाबांचा स्टेशनावरचा फोटो दादापाशी हाय, त्याला विचार की."

दादाला विचारायचं कसं, हाच तर प्रश्न होता. वडिलांनी फंडाच्या पैशातून स्टेशनामागं तीन खोल्यांचं घर बांधलं. ते २०१२ साली गेले. चार वर्षांपूर्वी दादानं कुरियरनं मला एक कागद पाठवला: हक्कसोडपत्र, पेन्सिलीनं फुली मारून, सही कुठं करायची ते दाखवून. आधी फोन नाही, काही नाही. मी "विचार करून सांगते" एवढंच म्हटलं. घर मला हवं होतं असं नाही हो. पण ती फुली फार लागली. त्यालाही माझं "विचार करून" लागलं असणार. तेव्हापासून बोलणं बंद. राखी मी पोस्टानं पाठवते; पोचली, एवढं आईकडून कळतं. तुमच्यापैकी कितीजणींच्या कपाटात असा कागद असेल, मला ठाऊक नाही, पण आमच्या भिशीतल्या अकराजणींत चौघींकडे निघाला.

शेवटी मी वहिनींना फोन केला, आडून. त्यांनी भाचीकडून फोटो मोबाइलवर पाठवला. खाकी कपड्यातले बाबा, हातात गुंडाळलेली हिरवी झेंडी, मागं तिकिटाची खिडकी, उजवीकडे. मी आमच्या अर्धवट स्टेशनाचा फोटो उलट पाठवला. रात्री साडेनऊला फोन वाजला. चार वर्षांनी दादाचा आवाज, आणि तो "कशी आहेस" वगैरे काही म्हणाला नाही.

"फलाट फार उंच केलायस. वीतभरच होता. आणि लांबी किती धरलीस?"

मी म्हटलं, "अंदाजानं."

"अंदाजानं कसं? मी सातवीत असताना पावलांनी मोजला होता, एकशे दहा."

"अरे, पण सातवीतलं पाऊल केवढं?"

तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं सातवीतल्या भाचीला घराच्या बोळातून दहा पावलं चालायला लावलं आणि टेप धरली. साडेपाच मीटर भरले. म्हणजे फलाट साडेसाठ मीटर, आमच्या प्रमाणात एकशे एकवीस सेंटिमीटर. आमचं टेबल एकशे वीसचं! एक सेंटिमीटर मी गुपचूप कापला. दादाला अजून सांगितलेलं नाही, आणि तो हे साप्ताहिक वाचत नाही.

मग रोज रात्री फोन येऊ लागला. सिग्नलचा हात कुठल्या बाजूला पडायचा, पाण्याचा रांजण कुठं, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा केवढा. पंधरा दिवसांत आम्ही दोघं बहीणभाऊ जेवढं बोललो, तेवढं लग्नानंतर बोललो नसू; सगळं सेंटिमीटरमध्ये. कागदाचं नाव त्यानंही काढलं नाही, मीही नाही. एकदा ह्यांनी हळूच विचारलं, "विषय काढून बघतेस का?" मी म्हटलं, "आधी छप्पर बसू दे."

प्रदर्शनाला तो आला, आईला घेऊन. चष्मा काढून फलाटाच्या पातळीवर डोळा आणून वाकून बघत राहिला. मग काही न बोलता घंटेचा खांब चिमटीनं उचलून खिडकीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. माझे विद्यार्थी ओरडले, "काका, हात लावायचा नाही, पाटी वाचा!" आई बराच वेळ बघत होती. कडुलिंबाला बोट लावलं, बाकड्याला लावलं, आणि स्टेशनाच्या मागं टेबलाच्या कडेपर्यंत हात नेऊन तिनं विचारलं, "आणि आपलं घर कुठाय?"

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाकडे. म्हटलं, "टेबल तिथं संपतंय, आई."

"मग दुसरं टेबल लावायचं," ती म्हणाली.

निघताना दादा चप्पल घालता घालता म्हणाला, "घराची मापं पाठवतो."

स्टेशन परत आमच्या टेबलावर आलं आहे आणि सासूबाईंची शिलाई मशीन सरकवून शेजारी एक फळी टाकली आहे. हक्कसोडपत्र कपाटात साड्यांखाली आहे, सही न केलेलं. मापं गेल्या गुरुवारी आली, वहीच्या पानावर, दादाच्या अक्षरात. पुढच्या दाराची रुंदी त्यानं तीन फूट लिहिली आहे. मला ती अडीच आठवते. आज रात्री फोन करून विचारणार आहे.