शाळा घरातच भरवायची तर...

संध्याकाळचे सात वाजलेत. बंगळुरूमधील एखाद्या उंच इमारतीतले मराठी घर डोळ्यांसमोर आणा. नवराबायको दोघेही कॉम्प्युटर कंपनीत, मुलाला नुकतीच पाच वर्षे पूर्ण झालेली. टेबलावर तीन शाळांची माहितीपत्रके. एकीची फी झेपणारी नाही, दुसरीची बस सकाळी पावणेसातला निघते आणि तिसरीत बालवर्गालाही गृहपाठ आहे. ‘आपणच घरी शिकवलं तर?’ बायको विचारते. नवरा गप्प. तेवढ्यात सांगलीहून सासूबाईंचा फोन येतो आणि विषय निघाल्यावर ठिणगी पडतेच. ‘अगं, शाळेत घालणार नाही म्हणजे काय? शिपायाच्या नोकरीलासुद्धा दहावी लागते. उद्या पोराला कोण विचारील?’

प्रसंग कल्पनेतला आहे, पण हा प्रश्न खराच पडलेली घरे या शहरात आहेत. तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या स्कूलबस आणि वर्षागणिक वाढणारी फी पाहून काही पालक ‘होमस्कूलिंग’कडे, म्हणजे घरशाळेकडे वळतात. ही मंडळी उत्साहाने फळा, खडू, तक्ते आणतात, भिंतीवर वेळापत्रक चिकटवतात आणि पंधरा दिवसांत दमतात. कारण घरशाळेचा आराखडा करायचा म्हणजे वेळापत्रक करायचे, असा त्यांचा समज असतो. खरे तर वेळापत्रक ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. आजींनी विचारलेला प्रश्न जास्त अवघड आहे आणि सुरुवात तिथूनच करायला हवी.

कायदा काय म्हणतो?

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याचे दहावे कलम सांगते. ‘सक्ती’ हा शब्द दचकवणारा आहे खरा, पण या कायद्यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे. मुलाला शाळेत न घालणाऱ्या आईवडिलांसाठी त्यात दंड किंवा तुरुंगवास सांगितलेला नाही. मात्र घरशाळेला मान्यता देणारे, तिची नोंदणी किंवा तपासणी सांगणारे कलमही त्यात नाही. जर्मनीत घरशाळेला बंदी आहे, अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत ती चालते. आपल्याकडे ती उंबरठ्यावरच उभी आहे.

आपल्या गोष्टीतल्या मुलापुरते बोलायचे तर सहा पूर्ण होईपर्यंत हा कायदा आडच येत नाही. म्हणजे करून पाहायला एक वर्ष हक्काचे मिळते. शिवाय परतीची वाटही आहे. याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला पुढे त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी खास शिकवणीचाही त्याला हक्क आहे. तेव्हा ‘एकदा बाहेर पडलो की संपलं’ ही भीती प्राथमिक वयात तरी अनाठायी आहे. कागद मात्र हवेत. जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद, आणि मूल काय वाचते, काय करते याची तारखांसह लिहिलेली एक वही.

मालविकाची गोष्ट आणि तिच्यातली मेख

घरशाळेचा विषय निघाला की मराठी घरांत मुंबईच्या मालविका जोशीचे नाव निघतेच. आई सुप्रिया जोशी यांनी मालविकाला सातवीत असताना दादरच्या शाळेतून काढले. मुलगी अभ्यासात मागे होती म्हणून नव्हे, तिने आनंदात शिकावे म्हणून. कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली नोकरी सोडून आईने घरीच अभ्यासक्रम आखला. वडिलांची सुरुवातीला तयारी नव्हती. पहिल्या वर्षी मालविकाने बरेच विषय चाखून पाहिले, त्यांतच तिला कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग गवसले. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले आणि २०१६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने तिला शिष्यवृत्ती देऊन प्रवेश दिला.

गोष्ट इथवर सांगून सगळे थांबतात. मेख पुढे आहे. मालविकाकडे बारावीचे प्रमाणपत्र नव्हते, त्यामुळे आयआयटीचे दार तिला बंद होते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिची तयारी पाहून तिला थेट एम.एस्सी.च्या पातळीवरचे शिक्षण घेऊ दिले, ऑलिम्पियाडच्या पदकांनी एमआयटी उघडली, म्हणून निभावले. पदक न मिळवणारी मुले कितीतरी जास्त असतात. आणखी एक, मालविका शाळेतून बाहेर पडली तेव्हा तिला वाचता-लिहिता येत होते, अभ्यासाची सवय होती. पाच वर्षांच्या मुलाच्या आईने तिच्या गोष्टीवरून धीर घ्यावा, हिशेब मात्र आपला वेगळा मांडावा.

या हिशेबात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच ‘एनआयओएस’, लिहून ठेवायलाच हवी. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेची दहावीची परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला देता येते, बारावीची पंधरा पूर्ण झाल्यावर. पाच विषय लागतात, त्यांत किमान एक भाषा. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. सगळे विषय एकाच वेळी सोडवण्याची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते. सांगलीच्या आजींना द्यायचे उत्तर हेच. दहावी होईल, फक्त तिचा रस्ता वेगळा असेल.

दीड तासाची शाळा

आता रोजच्या शिकण्याकडे वळू. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. तेही तीस मुलांमागे एक शिक्षक धरून. हजेरी, रांगा, वह्या तपासणे, गोंधळ शांत करणे, सगळे त्या चार तासांत येते. घरी मूल एक आणि शिकवणारे माणूस एक. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका जागी बसवून शिकवायला दिवसाकाठी दीड तास पुरे, आणि तोही सलग नको. उरलेला दिवस रिकामा वाटला तर वाटू द्यावा. नव्या आईवडिलांना हेच जमत नाही. मूल पाऊण तास मुंग्यांची रांग बघत बसले की त्यांना वाटते, वेळ वाया चालला.

बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडकांनी माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शंखशिंपले, दगड, पाने यांवर बालशिक्षण उभे केले. स्वयंपाकघर हे तसेच साधनांचे कपाट आहे. वाटीने तांदूळ मोजणे, पोळीचे चार भाग करणे, डब्यातल्या लाडवांचा हिशेब ठेवणे हे पहिलीचे गणितच आहे. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर भाजी घेताना सुट्टे पैसे मुलाच्या हाती द्यावेत. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला बैलाच्या देवळाजवळ शेंगांची जत्रा, ‘कडलेकाई परिषे’, भरते. तिथल्या राशींमधून फिरताना मूल जितके विचारते, तितके कोणतेही पुस्तक त्याला विचारायला लावत नाही.

वाचनाची सुरुवात घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतूनच करावी. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत मिळतात, त्यामुळे बंगळुरूत मराठी पुस्तके मिळत नाहीत ही सबब उरलेली नाही. पण मराठीपाशीच थांबू नये. घराबाहेर कन्नडचे राज्य आहे आणि पुढे मूल कर्नाटकातल्या शाळेत गेले, तर तिथे कन्नड शिकावेच लागेल. २०१५ चा राज्याचा कायदाच तसा आहे. सुदैवाने दोन्ही लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने चालते, क, ख, ग, घ. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व रूपही आहे, एवढा फरक लवकर ध्यानात येतो. देवनागरी अक्षरे ओळखणाऱ्या मुलाला दुकानांच्या आणि बसच्या पाट्यांवरून कन्नड अक्षरे जुळवायला दिली, तर तो खेळ होतो. आपले अण्णा, अक्का, अप्पा याच भाषेतून आलेले आहेत, हे कळल्यावर तर त्याला गंमतच वाटेल. इंग्रजी या शहरात जिन्यातसुद्धा कानावर पडते, त्याची घाई नको.

घरशाळेचा खरा नफा मंगळवारी सकाळी कळतो. सगळी मुले वर्गात असताना लालबागेत गर्दी नसते. तिथला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे आणि त्यावर पाय पसरून बसता येते. कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात राइट बंधूंच्या विमानाची प्रतिकृती आहे. तिच्याजवळ हवे तितके थांबता येते, ‘चला, रांगेत पुढे सरका’ म्हणणारे कुणी नाही. नेहरू तारांगण आणि कब्बन पार्क यांनाही निवांत वेळ देता येतो.

आईचे काय?

मालविकाच्या आईने नोकरी सोडली. दिल्लीचा सहल कौशिक चौदाव्या वर्षी, २०१० मध्ये, आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात तेहतिसावा आला. त्याला घरी शिकवणाऱ्या रुची कौशिक डॉक्टर होत्या, त्यांनी प्रॅक्टिस सोडली. यशोगाथांत हे एका वाक्यात उरकले जाते, पण त्या घरात त्या वाक्याची किती वर्षे झाली असतील!

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर याच कर्नाटकातले. १८५८ मध्ये पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना दिले. दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून पहाटेच लेकीला गोंजारून उठवायचे आणि पाठ तोंडी म्हणवून घ्यायचे. याच विद्येवर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. इथेही शिकवण्याचा वेळ आईनेच स्वतःच्या झोपेतून काढला होता.

म्हणून आराखड्याचे पहिले पान मुलाच्या विषयांचे नसावे. त्यावर दोघांनी मिळून लिहावे की नोकरी कोण सोडणार, की दोघेही कामाचे तास कमी करणार, एका पगारात घरभाडे आणि कर्जाचे हप्ते बसतात का, आणि पाच वर्षांनी पुन्हा नोकरी शोधणे कुणाला किती अवघड जाईल. ‘तू शिकव, मी रविवारी विज्ञानाचे प्रयोग करून दाखवीन’ असे म्हणणाऱ्या बाबांना हिशेबात फार धरू नये. बाबा रोज सकाळचा एक तास देणार असतील, आईची नोकरी टिकणार असेल आणि आजोबा किंवा आजी वर्षातले काही महिने येऊन राहणार असतील, तर गोष्ट वेगळी. पाढे, श्लोक, गोष्टी यांत आजीचा हात कोण धरील? विरोध करणाऱ्या सासूबाईंनाच एक विषय सोपवला, तर अर्धे भांडण तिथेच मिटण्याचा संभव आहे.

दोघांनाही नोकरी सोडणे शक्य नाही आणि मूल दिवसभर सांभाळणाऱ्या बाईंकडेच राहणार, अशी स्थिती असेल तर घरशाळेचा नाद सोडावा. त्यापेक्षा घराजवळची साधी शाळा शंभर पटींनी बरी. मुलाला स्पर्धेत इतरांच्या दोन वर्षे पुढे काढायचे, एवढ्याचसाठी घरी ठेवणे हाही त्याच्यावर अन्यायच आहे.

दोन गोष्टींकडे घरात हमखास दुर्लक्ष होते. वर्गात फळ्यावरचे न दिसणारे किंवा अक्षरे सतत उलटी लिहिणारे मूल बाईंच्या लगेच नजरेत भरते, कारण शेजारी तुलनेला तीस मुले असतात. घरी तशी तुलना नसते. तेव्हा डोळे आणि कान दर वर्षी तपासून घ्यावेत, आणि सात-आठ वर्षांचे होऊनही वाचन जमत नसेल, तर ‘येईल हळूहळू’ म्हणून न थांबता तज्ज्ञांना दाखवावे. बंगळुरूत निम्हान्ससारखी संस्था आहे.

दुसरी गोष्ट सोबत्यांची. इमारतीतली मुले चार वाजता शाळेतून येतात, थोडा वेळ खेळतात आणि शिकवणीला पळतात. आठवड्यातून दोनतीन दिवस त्याच त्या मुलांत मिसळता येईल असे काही ठरवायला हवे. खो-खो, पोहणे, तबला, गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातले कार्यक्रम, नाहीतर घरीच शिकणाऱ्या इतर मुलांचा गट. बंगळुरूत असे गट आहेत. ‘सोशल स्किल्स’ वगैरे मोठ्या शब्दांची इथे गरज नाही. मुलाला भांडायला आणि पुन्हा बोलायला कुणीतरी हक्काचे हवे, इतकेच.

आपल्या गोष्टीतल्या घरात शेवटी बहुधा असे ठरेल : सहा पूर्ण होईपर्यंत घरी, बाबांची सकाळ, आईची संध्याकाळ, दिवाळीनंतर दोन महिने आजी येणार. दर तीन महिन्यांनी तिघांनी वही उघडून बसायचे. तिसरा म्हणजे तो पाच वर्षांचा मुलगा. ‘मला शाळेत जायचंय’ असे तो म्हणाला, तर ते वाक्यही तारीख घालून वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन शाळा बघायला जायचे.