हातांतील साधन आणि मनांतील गोंधळ

फळ्यावर लिहिणाऱ्यास एक सुख असतें. खडू जेथें टेकवावा तेथेंच रेघ उमटते आणि फडकें जेथें फिरवावें तेवढेंच पुसलें जातें. माझा जन्म शिक्षकाच्या पेशांत गेला. त्यामुळें लिहिण्याचें दुसरें साधन याहून निराळें वागेल, अशी शंकाही मला कधीं आली नव्हती. ती अलीकडे एका संकेतस्थळामुळें आली.

आमच्या पेठेंतील वाचनालयाचें संकेतस्थळ सांभाळण्याचें काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आलें. वार्षिक सभेच्या सूचनेचें पान तयार करतांना वरची पट्टी मला त्या पानापुरती अनावश्यक वाटली, म्हणून ती मीं काढून टाकली. त्या पट्टींत वाचनालयाचें नांव, दूरध्वनी क्रमांक आणि वेळा होत्या. ती सगळ्याच पानांवरून नाहींशी झाली ! दोन दिवसांनीं एक वृद्ध सभासद बंद दारावरून परत गेले, तेव्हां हा प्रकार उघडकीस आला. मंडळांतील माझे समवयस्क सहकारी म्हणाले, "गुरुजी, हें आपलें काम नव्हे. बाहेरचा माणूस नेमूं या." म्हणजे एका ओळीच्या सूचनेसाठींही तुटपुंज्या वर्गणींतून पैसे मोजावयाचे, आणि आपली बुद्धि मंद झाली असें मुकाट्यानें कबूल करावयाचें. पण हा दोष खरोखर बुद्धीचा आहे काय ?

शाळेच्या प्रगतिपुस्तकाचें उदाहरण घ्या. शाळेचें नांव व विषयांचे रकाने छापखान्यांत छापलेले असतात. गुण शिक्षक हातानें भरतो. गुण खोडला तर एका मुलाचा खोडला जातो; छापखान्यांतील सांचांत फेरफार केला तर साऱ्या शाळेचीं प्रगतिपुस्तकें बदलतात. संकेतस्थळाची रचना अशीच थरांची आहे. खालीं सर्व पानांना समान असा सांचा, वर एकेका पानाचा मजकूर. ही योजना मोठी सोयीची आहे. मजकूर व त्याचें रूप वेगळें ठेवण्याची सी. एस्. एस्. ही पद्धति १९९६ च्या डिसेंबरांत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, आणि एका ठिकाणीं अक्षराचा रंग बदलून शंभर पानांचा रंग बदलणें शक्य झालें. घोटाळा होतो तो निराळ्या कारणानें. ही सॉफ्टवेअरें लेखणी आणि छापखाना एकाच पडद्यावर मांडतात, दोहोंसाठीं तेंच बटण दाबावयास लावतात, आणि या क्षणीं आपल्या हातीं काय आहे हें मात्र पुरेसें स्पष्ट सांगत नाहींत.

हा रोग जुना आहे. १९७४ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधन-केंद्रांत 'ब्राव्हो' नांवाचा लेखन-कार्यक्रम तयार झाला. त्यांत अक्षरें लिहिण्याची स्थिति निराळी व आज्ञा देण्याची निराळी. आपण लिहीत आहों अशा समजुतीनें एखाद्यानें इंग्रजी 'एडिट' हा शब्द टंकित केला आणि यंत्र आज्ञेच्या स्थितींत असलें, तर 'ई' म्हणजे सर्व निवडा, 'डी' म्हणजे पुसून टाका, 'आय' म्हणजे येथें घाला ! सगळा लेख जाऊन पानावर एकटा 'टी' शिल्लक राही. त्याच केंद्रांतील लॅरी टेस्लर यांनीं अशा छुप्या स्थिति नाहींशा करण्याचा ध्यास घेतला. ते २०२० मध्यें वारले. त्यांच्या मोटारीच्या क्रमांकाच्या पाटीवरही 'नो मोड्स' हींच अक्षरें होतीं.

डोनाल्ड नॉर्मन यांनीं १९८८ सालीं नित्याच्या वस्तूंच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. जें दार ढकलावें कीं ओढावें हेंच कळत नाहीं, त्याचा दोष दार करणाऱ्याकडे जातो, असें त्यांचें म्हणणें. मला तें पटतें. वर्गांतील सगळीं मुलें एकच चूक करूं लागलीं, तर शहाणा परीक्षक प्रश्नपत्रिका पुन्हा वाचून पाहतो.

मग रचनाकार असें कां करतात ? सोयी वाढत जातात, पडदा मात्र तेवढाच राहतो. म्हणून त्या तीन रेघा, तीन ठिपके, दातेरी चाक अशा मुक्या चिन्हांमागें लपविल्या जातात. ज्यानें घर बांधलें त्याला अंधारांतही जिना सांपडतो, पाहुणा ठेचाळतो. त्यांत 'सेव्ह' आणि 'पब्लिश' यांसारखे शब्द. एकानें लेख आपल्यापाशीं राहतो, दुसऱ्यानें तो जगापुढें जातो. नवख्याला दोन्ही सारखेच वाटतात.

रचना सुधारेपर्यंत आपण तीन गोष्टी कराव्या. बदल करण्यापूर्वीं 'हें पान कीं सांचा ?' असें स्वतःस विचारावें. महत्त्वाच्या पानाची आधीं प्रत करून प्रयोग प्रतीवर करावा. आणि जुन्या आवृत्त्या कोठें सांठविल्या जातात, हें पहिल्याच दिवशीं शोधून ठेवावें. आमची हरवलेली पट्टी एका तरुण सभासदानें अशाच जुन्या आवृत्तींतून मिनिटभरांत परत आणली.

त्यानंतर मीं एका वहींत प्रत्येक चिन्हापुढें त्याचा अर्थ मराठींत लिहून काढला. ती वही आतां संगणकाशेजारीं दोरीनें बांधलेली असते. बाहेरचा माणूस नेमण्याचा ठराव मंडळानें तूर्त तहकूब ठेवला आहे, आणि गेल्या महिन्याची सूचना त्याच सहकाऱ्यांपैकीं एकानें, वही उघडून, स्वतः लावली.