वाट किती, वेळ किती?

“पुढची वाडी किती लांब आहे हो?” असे वाटेत कुणाला विचारले की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते. “ही काय, पुढंच! विडी ओढून होईस्तोवर पोचाल.” सांगणारा खोटे बोलत नाही. त्या वाटेवर तो लहानाचा मोठा झालेला असतो, त्याच्या पायांना ती वाट लांब वाटतच नाही. फसतो तो ऐकणारा. मीही एकदा असाच फसलो, आणि माझ्यापायी दुसऱ्यांचे नुकसान झाले.

मी नोकरीत नवा होतो. साल १९९७. अकोले तालुक्यात डोंगरावरच्या एका वाडीत भाताच्या सुधारित लागवडीचे प्रात्यक्षिक ठरले होते. नकाशावर वाट नऊ किलोमीटर भरली. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, म्हणजे पावणेदोन-दोन तास, असा हिशेब केला आणि “दहाला येतो” असा निरोप धाडला. आठला पायथ्यापासून निघालो. पाठीवर बियाण्याची पिशवी, वर पाऊस, पायाखाली चिखल. पोचलो साडेबाराला.

दिवस आवणीचे होते. चिखलणी झालेली, रोपे उपटून मुठी बांधून ठेवलेल्या, आणि वीस-बावीस माणसे दहापासून माझी वाट पाहत बसलेली. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, रोपे सुकायला लागली ती वेगळीच. कुणी रागावले नाही. इरल्याखाली बसलेल्या एक आजीबाई एवढेच म्हणाल्या, “सायेब, रस्ता धरला, पर चढ न्हाई धरला व्हय?”

मला फार लाज वाटली. शेतकऱ्यांना समपातळी बांधासाठी उतार मोजायला शिकवणारा माणूस मी! माझ्या त्या नकाशावर चढाच्या रेघाही होत्या. त्या मी मोजल्याच नव्हत्या.

चढाचा हिशेब अवघड नाही. स्कॉटलंडमधले एक गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ सालीच सांगून ठेवला आहे. तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात सांगायचे तर पाच किलोमीटरला एक तास आणि दर दहा मीटर चढाला एक मिनिट जादा. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. बारी गावातून चढायला लागले तर आठशे मीटरपेक्षा जास्त चढ पडतो. म्हणजे नुसत्या चढाचेच एक तास वीस मिनिटे, वाटेचा वेळ वेगळा.

उताराला मात्र वेळ वाचतोच असे समजू नका. वॉल्डो टॉब्लर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञांनी १९९३ साली चालण्याच्या वेगाचे एक सूत्र मांडले. त्यात सर्वात जास्त वेग, तासाला सुमारे सहा किलोमीटर, येतो तो शंभर फुटांत पाच फूट अशा हलक्या उतारावर. उतार त्याहून तीव्र झाला की वेग पुन्हा कमी होत जातो. पावसात घसरडी पाऊलवाट उतरलेल्यांना हे सूत्राशिवायही ठाऊक आहे.

आता तासाला पाच किलोमीटर ही चाल कुणाची? धडधाकट, रिकाम्या हाताच्या माणसाची. डोक्यावर भारा असेल, कडेवर मूल असेल, तर ती धरून चालत नाही. म्हणून स्वतःची चाल एकदा मोजून घ्यावी. सडकेवरच्या दोन किलोमीटर दगडांमधले अंतर नेहमीच्या चालीने चालावे आणि घड्याळ पाहावे. बारा मिनिटे लागली तर तासाला पाच, पंधरा लागली तर चार, वीस लागली तर तीन किलोमीटर. हीच मोजणी भारा घेऊन एकदा आणि चिखलातून एकदा करावी. बरोबर मंडळी असतील तर सर्वात सावकाश चालणाऱ्याची चाल धरावी. विसाव्याचा वेळ वेगळा धरावा. वारीत पुण्याहून पहाटे निघालेली माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला पोचेपर्यंत संध्याकाळ होते ती काही वारकरी सावकाश चालतात म्हणून नव्हे. विसावे, गर्दी आणि घाट यांत वेळ जातो.

(जाता जाता एक गंमत. वीस सेंटीमीटरचे तास धरून एक एकर नांगरायचे तर बैलांमागे सुमारे वीस किलोमीटर चालणे होते, वळणे सोडून. तरी संध्याकाळी कुणी विचारले तर आपण म्हणतो, “कुठं गेलो न्हाई, रानातच होतो.”)

हा हिशेब सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो अडचणीच्या वेळी. आजाऱ्याला डोलीतून खाली आणायचे तर खांदा बदलत, जपून यावे लागते. त्या वाटेला किती वेळ लागतो हे वाडीने आधीच पाहून ठेवावे आणि १०८ ला फोन करताना ते सांगावे. बाजारहून परतायचे असेल तर दिवस मावळण्यापासून मागे मोजावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातनंतर. हिवाळ्यात तोच बाजार तासभर आधी सोडावा लागतो, नाहीतर शेवटचा टप्पा अंधारात, विंचूकाट्याच्या भीतीने.

पुढच्या वर्षी मी त्याच वाडीला पुन्हा गेलो. ओझ्यासह माझी चाल किलोमीटरला पंधरा मिनिटे, म्हणजे नऊ किलोमीटरला सव्वादोन तास. पाचशे मीटर चढाची पन्नास मिनिटे. विसाव्याला अर्धा तास. ओढ्याला पाणी असले तर थांबायला म्हणून पंचवीस मिनिटे. एकूण चार तास. सहाला निघालो, निरोप दहाचाच दिला. ओढा उतरलेला होता, म्हणून पोचलो पावणेदहाला. माणसे अजून खाचरातच होती. आजीबाईंनी चुलीवर चहाचे आधणही ठेवले नव्हते.