सालीनं कमावलेला वाघ

जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या वाघापुढे पाच मिनिटं उभं राहावं. कुणीतरी सोबतच्याला हमखास सांगत असतं, "बघ, शंभर वर्षं झाली तरी कसा ताजा दिसतोय! तेव्हा झाडाच्या सालीनं कमवायचे कातडं. आता सगळं केमिकल, म्हणून टिकत नाही." शाळेच्या सहली घेऊन येणारे शिक्षक हे सांगतात, माहिती देणारे कर्मचारी सांगतात, घरी आजोबांच्या वेळचं बिबट्याचं डोकं असलेले लोक तर फारच ठामपणे सांगतात. हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. त्यात तीन दावे आहेत. वाघ सालीनं कमावला होता, साल नैसर्गिक म्हणून जास्त टिकाऊ, आणि वाघ टिकला तो कमावण्यामुळेच. तिन्ही तपासून पाहू.

गैरसमज : जुने वाघ सालीनं कमावलेले आहेत.

वस्तुस्थिती : केसांसकट ठेवायच्या कातड्याला सालीचं पाणी सहसा वापरत नसत, आणि त्याला साधं कारण आहे. सालीतलं टॅनिन केसांवर डाग पाडतं आणि कातडं जाड, भरीव करतं. चपलेच्या तळाला तेच हवं असतं. टॅक्सिडर्मी करणाऱ्याला मात्र पातळ, ताणलं जाणारं कातडं लागतं, कारण त्याला ते पापणीच्या कडेवरून आत वळवायचं असतं, ओठाच्या घडीत दाबून बसवायचं असतं, कानाच्या पातळ पाळीवर सुरकुती न पडता चढवायचं असतं. म्हणून जुन्या कारागिरांचा मुख्य भर होता मीठ आणि तुरटीवर. कसर लागू नये म्हणून आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, साबण चोळत. ही सोमलाची युक्ती अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकर यांनी काढली आणि पुढे जगभर पसरली.

आता तुरटीबद्दल. तुरटी लावलेलं कातडं पांढरं, मऊ, देखणं होतं, पण तुरटीची कातड्याशी पडलेली गाठ कच्ची असते. पाणी लागलं की तुरटी निघून जाऊ लागते. शिवाय तुरटी म्हणजे सल्फेट. दमट हवेत तिच्यातून हळूहळू गंधकाचं आम्ल सुटत राहतं आणि कातड्याचे तंतू तोडत राहतं. जुन्या शिकारीच्या डोक्याचा कान जवळून पाहा. कडेला केसाएवढ्या बारीक चिरा दिसतात आणि बोट लागलं तर कान पापडासारखा मोडतो. हे आम्लाचं काम आहे.

गैरसमज : साल नैसर्गिक, म्हणून टिकाऊ.

वस्तुस्थिती : हाच दावा सगळ्यांत हट्टी आहे, म्हणून त्याला जरा वेळ देतो.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन, दोरखंडासारखे पिळलेले प्रथिनांचे तंतू. कमावणं म्हणजे या तंतूंना एकमेकांशी अशी गाठ घालणं की जंतूंना ते खाता येऊ नयेत आणि सुकल्यावर ते काठीसारखे ताठ होऊ नयेत. गाठ किती पक्की, याचं एक माप आहे. तंतू पाण्यात ठेवून हळूहळू तापवायचे आणि ते कोणत्या तापमानाला आकसतात ते पाहायचं. कच्चं कातडं साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसतं, सालीनं कमावलेलं साधारण ७५ ते ८५ अंशांना, आणि क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं १०० अंशांच्या आसपास तग धरतं. म्हणजे लोक ज्याला नाक मुरडतात त्या रसायनाची गाठ सर्वांत पक्की. हे माप उष्णतेचं आहे, वर्षांचं नाही, हे खरं. पण "केमिकल म्हणजे कच्चं" हा समज त्यानं खोटा ठरतो.

वर्षांचं माप हवं असेल तर तेही उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ग्रंथपालांच्या लक्षात आलं की दोनशे वर्षांपूर्वीच्या बांधणीचं चामडं शाबूत आहे, आणि अवघ्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बांधणीचं बोट लावताच लाल भुकटी होऊन हाताला लागतं. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं यासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९०५ मध्ये पुस्तकरूपानं आला. समितीनं झाडांच्या टॅनिनचे दोन गट वेगळे काढले. सुमाकसारख्या झाडांच्या एका गटानं कमावलेलं चामडं उत्तम टिकत होतं. दुसऱ्या गटाचं हवेतलं गंधकाचं आम्ल शोषून लाल पडत होतं. पुस्तकबांधणीसाठी अगदी निरुपयोगी ठरवलेल्या मालात होती भारतातून जाणारी, तरवडाच्या सालीनं कमावलेली शेळ्यामेंढ्यांची कातडी. हा तोच तरवड, आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा.

तेव्हा "नैसर्गिक" या शब्दानं काय सिद्ध झालं? सुमाक नैसर्गिक, तरवडही नैसर्गिक. एकाचं चामडं शतकं टिकलं, दुसऱ्याचा काही दशकांत भुगा झाला. टॅनिनचा रेणू कसा आहे यावर सगळं ठरलं. तो झाडातून आला की कारखान्यातून, याची कातड्याला जाणीव नसते.

इथं कुणीतरी कोल्हापुरी चप्पल पुढे करतं, म्हणून तेही सांगतो. कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरत राहायचं, हे कसब थोर आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ते जाड, केस काढलेलं कातडं असतं, त्याला तेल मिळतं, ते पायात वापरलं जातं. काचेमागे शंभर वर्षं न हलता उभं राहणं हे त्याचं काम नाही. एका कामातलं यश दुसऱ्या कामाचा पुरावा होत नाही.

गैरसमज : टिकला तो कमावल्यामुळे.

वस्तुस्थिती : लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये एक करडा आफ्रिकी पोपट आहे. रिचमंडच्या डचेसचा हा पाळीव पोपट. ती १७०२ मध्ये वारली आणि तिच्यामागोमाग तोही गेला. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा आत कवटीसकट सांगाडा सापडला, म्हणजे कातडं धड सोडवलेलंही नव्हतं. तीनशेहून अधिक वर्षं तो उभा आहे. मुळात पक्ष्यांची कातडी सहसा कमावतच नाहीत. आतून साफ करतात, कीटकनाशक लावतात आणि सुकवतात. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटांत अशाच रीतीनं राखलेले शंभर वर्षांहून जुने पक्षी आहेत. लहानग्या सालिम अलींना पक्ष्यांचं वेड लागलं ते याच संस्थेचा संग्रह पाहून.

उलट बाजूही पाहा. कमावण्याचा परिणाम होतो कोलॅजनवर. केस, पिसं, नखं असतात केराटिनची, आणि त्यांना या प्रक्रियेचं संरक्षण जवळजवळ मिळत नाही. कसर आणि गालिच्यातले बारीक भुंगेरे खातात ते केराटिनच. म्हणून उत्तम कमावलेला वाघही दोन पावसाळ्यांत टकला होऊ शकतो. प्रकाशाचंही तसंच. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीनं १९४२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सस्तन प्राण्यांचं दालन उघडलं. कातडी शाबूत राहिली, पण दिव्यांनी केसांचा रंग उडाला. २०१२ मध्ये दालन पुन्हा उघडलं तेव्हा त्या प्राण्यांच्या केसांना नव्यानं रंग द्यावा लागला होता.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. आपण पाहतो ते टिकलेले वाघ. जे कुजले, झडले, फेकले गेले, ते दाखवायला कुणी काच लावत नाही. ऑक्सफर्डचा डोडो खराब होत होत १७५५ पर्यंत अशा थराला गेला की त्याचं डोकं आणि एक पाय तेवढे राखले गेले.

मग पद्धतीनं फरक पडतो की नाही?

पडतो, नक्की पडतो. नुसतं सुकवलेलं कातडं हवेच्या ओलाव्याबरोबर फुगतं-आकसतं आणि शिवणी उसवतं. तुरटीचं काही दशकं छान राहतं, मग आम्ल आपलं काम सुरू करतं. आजची संमिश्र कमावणी त्याहून भरवशाची आहे. पण पद्धतीच्या नावापेक्षा तिच्या पायऱ्या महत्त्वाच्या. चरबी पूर्ण काढली का? ती राहिली तर ऑक्सिजन लागून खवट होते आणि कातडं आतून जाळते. ओठ, पापण्या, पंजे पुरेसे पातळ केले का? मीठ-आम्लाच्या पाण्यातून काढल्यावर आम्ल मारलं का? शेवटी तेल आत मुरवलं का? यातली एक पायरी घाईनं उरकली तर महागातलं महाग रसायनही वाया जातं.

थोडक्यात आणखी काही गैरसमज

*आत पेंढा असतो.* एके काळी असे. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्या कारखान्यात साच्यातून काढलेले कागदी लगद्याचे पुतळे वापरत, आजचे कारागीर फोमचे वापरतात.

*टाकणखार लावला की कातडं कमावलं जातं.* नाही. तो कीड रोखायला मदत करतो, तंतूंना गाठ घालत नाही.

*वर्षातून एकदा ऊन दाखवावं.* गोधडीला दाखवा. संग्रहालयं केसापिसांच्या वस्तूंवर ५० लक्सच्या वर प्रकाश पडू देत नाहीत.

*जुनं कातडं भिजवून पुन्हा कमावता येतं.* झिजलेल्या कातड्याचं आकसण्याचं तापमान फार खाली आलेलं असतं. नुसत्या कोमट पाण्यानंही ते चुरगळून जाऊ शकतं.

*हात लावायला हरकत नाही.* जुन्या वस्तूत सोमल असू शकतो. हातमोजे घाला, झटकू नका, लहान मुलांना दूर ठेवा.

*घरचंच आहे, विकलं तरी चालेल.* चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वारशानं आलेल्या अशा वस्तूला मालकीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते असलं तरी विक्रीला बंदी आहे. डागडुजीआधी वन खात्याला विचारा.

पुढच्या वेळी वाघापुढे उभे राहाल तेव्हा ओठाच्या कडा पाहा, कानाची पाळी पाहा, मग पेटीच्या तळाशी कोपऱ्यात पाहा. तिथे कोंड्यासारखी भुकटी आणि तुटके केस पडलेले असतील तर वाघ आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत संपतो आहे. तो कशानं कमावला होता यावर वाद घालण्याआधी हे तिथल्या कुणाला तरी सांगा. अशा वस्तूला थैलीत हवाबंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवलं तर कसर मरते. वाघ वाचवायला अजून वेळ असतो.