पदर सुटायला हवेत

बेकरीतली खारी आणि बटाट्याचं पॅटिस ही एकाच घराण्यातली. मैद्याच्या पोळीत लोण्याचा थर ठेवायचा, घडी घालायची, लाटायचं, पुन्हा घडी. तीनपदरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. फ्रोझन पफ पेस्ट्रीमुळे हे कष्ट वाचतात. ती हाताळायची रीत मात्र शिकावी लागते.

शीट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सैल होऊ द्यावी. उघडताना तडकली तर ती अजून गोठलेली आहे. बोटांना चिकटू लागली तर लोणी वितळतंय. तिला लगेच १५ मिनिटं परत फ्रिजमध्ये ठेवावं.

कापताना धारदार सुरी सरळ खाली दाबावी. ओढली तर कडेचे पदर एकमेकांना चिकटतात. दूध किंवा अंडं फक्त वरून लावावं, कडांवर ओघळू देऊ नये. आतली भाजी कोरडी आणि पूर्ण गार असावी.

ओव्हन आधीच २०० अंश सेल्सिअसला तापलेला हवा. पिठातल्या पाण्याची वाफ होते, लोण्याचे थर ती अडवतात आणि पदर वर उचलले जातात. ओव्हन कोमट असेल तर लोणी आधीच ट्रेमध्ये वाहून जातं.

साधारण २० ते २५ मिनिटांनी एक पॅटिस उलटून पाहावं. तळ तपकिरी झाला असेल तर सगळी जाळीवर काढावीत.